दैनंदिन कर्म आणि अंतरीची मुक्ती

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड हे तांब्याच्या खाणीचे गाव आहे. हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या सरकारी कंपनीचा प्रकल्प तेथे १९८२ साली उभा राहिला. आसपासच्या डोंगराळ भागात गोंड व बैगा लोकांची वस्ती आहे. व्यवहाराची भाषा हिंदी. तथापि महाराष्ट्राची सीमा फार दूर नसल्याने गोंदिया-भंडाऱ्याकडील काही मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेली आढळतात. अशाच एका घरी आमचा एक तरुण धर्मशिक्षक गेला असता जो प्रसंग घडला, तो प्रस्तुत लेखास कारण झाला आहे.

घरातील वृद्ध गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले, गीतेचे नित्य वाचन करणारे. बोलण्याच्या ओघात धर्मशिक्षकाने त्यांस सांगितले की, हिंदूंचा मोक्ष म्हणजे जगापासून पलायन होय. ख्रिस्ती तारण मात्र जगात राहून अनुभवावयाचे असते. वृद्ध गृहस्थ रागावले नाहीत. "गुरुजी, मी कुठं पळालो जी?" एवढेच त्यांनी विचारले. तीस वर्षे तिन्ही पाळ्यांत काम केले, मुले वाढविली, आईचे आजारपण काढले. वरिष्ठाने चारचौघांत केलेला अपमान, सोबत्याला झालेला अपघात, हे सारे उराशी धरून घरी यावयाचे नाही, आपण त्याहून निराळे आहोत हे ओळखून निजावयाचे, हे आपण गीतेपासून शिकलो, असे ते म्हणाले. मग त्यांनी सहज पुसले, "तुमच्या येशूनं तुम्हाला कशातून मोकळं केलं, ते सांगा." आमच्या धर्मशिक्षकाचे सख्ख्या भावाशी दोन वर्षे बोलणे नव्हते. त्यास उत्तर सुचले नाही, आणि तो तसाच उठून आला.

त्याने ही हकीकत आम्हांस सांगितली तेव्हा आम्ही वरमलो. कारण पलायनाचे ते वाक्य आमच्याच टिपणांतील होते. अनेक वर्षे आम्ही ते वर्गात शिकवीत आलो होतो. ते कोठून आले हे शोधू जाता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी आली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात हिंदू जन तपश्चर्या, ध्यान किंवा प्रेमपूर्वक व विश्वासपूर्वक देवाचा आश्रय या मार्गांनी मुक्ती शोधतात असे आदराने म्हटले आहे. मूळ लॅटिनमध्ये येथे 'रेफुजिउम' म्हणजे शरण, आसरा असा शब्द आहे. इंग्रजी भाषांतरात त्यासाठी 'फ्लाइट' हा शब्द आला, आणि आम्ही इंग्रजीवरून टिपणे काढताना त्याचे पलायन करून टाकले! देवाकडे धाव घेणे आणि जगापासून पळ काढणे यांतील भेद एका शब्दाच्या घाईत बुजला. सर्व दोष त्या शब्दाचा नव्हे. तसे समजणे आम्हांस सोयीचेही वाटत होते.

वस्तुतः गीतेचा आरंभच पलायनाच्या विरुद्ध आहे. रणातून निघून जावे, भिक्षा मागून जगावे, असे अर्जुन म्हणतो. आणि त्यास तसे करू न देण्यासाठी पुढील सारा उपदेश आहे. तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांची घडी नीट राहावी म्हणून, ज्ञान्यानेही कर्म करीत राहावे असे सांगून जनकाचा दाखला दिला आहे. अठराव्या अध्यायात तर ज्याचे जे काम, तेच त्याने देवास वाहिलेले पूजाद्रव्य मानले आहे. आपल्या मराठी मुलुखात हा विचार १२९० च्या ज्ञानेश्वरीपासून घरोघर गेला. मलाजखंडच्या त्या गृहस्थांना तो ग्रंथ वाचून कळला की वडिलांकडून, हे विचारण्याचे कारण नाही; तो त्यांच्या हाडीमांसी होता.

या मुक्तीचे मूळ आत्मज्ञानात आहे असे वेदान्त मानतो, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण आत्मज्ञान म्हणजे स्वतःच्या स्वभावाची पारख असा अर्थ आपल्यातील पुष्कळ जण करतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या आरंभीच अध्यासाचे विवेचन केले आहे. अध्यास म्हणजे एकाचे धर्म दुसऱ्यावर लादणे. देह थकतो, आपण म्हणतो मी थकलो. मन खिन्न होते, आपण म्हणतो मी खिन्न झालो. देह व मन ही जाणली जाणारी वस्तू आहे. तिला जाणणारा साक्षी निराळा आहे, आणि तोच खरा 'मी' होय. हा 'मी' कधी बद्ध झालाच नव्हता; बद्ध असल्याचा भ्रम तेवढा होता. म्हणून वेदान्तात मुक्ती नव्याने मिळवावयाची नसते, ती ओळखावयाची असते. ती देह असतानाच साधते, म्हणून जीवन्मुक्ती हा शब्द. विद्यारण्यांनी चौदाव्या शतकात त्या विषयावर 'जीवन्मुक्तिविवेक' हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

मराठीत हा विषय प्रथम मांडला तो मुकुंदराजांनी. त्यांचा 'विवेकसिंधु' ग्रंथ परंपरेप्रमाणे शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मधील मानला जातो. त्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. अंबाजोगाईस त्यांची समाधी दाखवितात. तथापि वैनगंगा व कन्हान यांच्या संगमावरील अंभोरा हे त्यांचे स्थान होय असे मानणारेही अभ्यासक आहेत. ती वैनगंगा बालाघाटवरूनच खाली भंडाऱ्याकडे जाते, हे आमच्या त्या भागातील वाचकांस सांगावयास नको. मुकुंदराजांनी संस्कृतातील वेदान्त गुरू-शिष्यांच्या संवादातून लोकभाषेत आणला. म्हणजे आपण ज्यांना अज्ञ समजून टिपणे वाचून दाखवितो, त्यांच्या भाषेत या प्रश्नाचा विचार आठशे वर्षे चालू आहे.

विवेक या शब्दाचा अर्थ निवडणे, वेगळे करणे. मलाजखंडच्या कारखान्यात हेच काम चालते. शंभर किलो दगडात तांबे असते जेमतेम एक किलोच्या आसपास. तो दगड फोडून, पिठासारखा दळून, पाण्यात कालवून त्यात हवा सोडतात. विशिष्ट द्रव्यांच्या साहाय्याने तांब्याचे कण फेसाबरोबर वर येतात आणि उरलेला गाळ तळ्यात सोडून देतात. तांबे तेथे निर्माण होत नाही. होते तेच वेगळे निघते. वेदान्ताची कल्पना समजावयास आम्हांस हा दाखला फार उपयोगी वाटला. त्याची मर्यादा कोठे येते ते पुढे पाहू.

ही साक्षीभावाची गोष्ट रोजच्या कामात कशी उतरवावी? याचे आधुनिक मराठीतील उत्तम उत्तर विनोबांनी दिले आहे, आणि तेही तुरुंगात. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने केली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ऐकणारे बंदिवान होते. चौथ्या अध्यायातील कर्म, विकर्म व अकर्म या शब्दांचा विनोबांनी लावलेला अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असा रूढ अर्थ. शंकराचार्यांनीही तोच घेतला. विनोबांनी तो बाजूस ठेवून विकर्म म्हणजे विशेष कर्म, बाह्य कृतीला दिलेली मनाची जोड, असे सांगितले. हात काम करीत आहेत आणि मन मात्र कुरकुरत आहे, तोवर कर्माचे ओझे वाटते. मन त्यात मिळाले की ओझे सरते, आणि करूनही न केल्यासारखी स्थिती येते, ती अकर्म. रात्रपाळीस रुग्णाचे अंथरूण बदलणारी परिचारिका हे भाष्यावाचून जाणते. लोकमान्यांचे 'गीतारहस्य'ही मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले व १९१५ साली प्रसिद्ध झाले. अंतरीच्या मुक्तीवरचे मराठीतील दोन थोर ग्रंथ गजांआडून यावेत, हे काही पलायनाचे लक्षण म्हणता येत नाही.

आपणांसही असा एक बंदिवान ठाऊक आहे. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र बंधनातले आहे. चौथ्या अध्यायात विपुलता असो वा टंचाई, आहे त्या स्थितीत तृप्त असण्यास आपण शिकलो असे तो सांगतो. तेथे त्याने 'ऑटार्केस' हा ग्रीक शब्द वापरला आहे. तो स्टोइक तत्त्वज्ञांचा आवडता शब्द, स्वयंपूर्ण असा त्याचा अर्थ. परंतु पौल तो शब्द उचलतो आणि पुढच्याच वाक्यांत त्याचा पाया बदलतो. आपले सामर्थ्य आपल्यात नसून आपणांस बळ देणाऱ्यापासून आहे, असे तो म्हणतो. खरा भेद येथे आहे. जगात राहणे आणि जगापासून पळणे असा तो भेद नव्हे.

तो भेद मलाजखंडच्या प्रसंगावरूनच सांगतो. दुसऱ्याने आपला केलेला अपमान साक्षीभावाने मनातून उतरविता येतो. त्या गृहस्थांनी तो उतरविला, आणि आपल्यातील कित्येक प्रार्थनाशील माणसांना ते साधलेले नाही. परंतु आपण दुसऱ्याचा केलेला अपमान असा उतरविता येत नाही, उतरवूही नये. त्यासाठी त्या माणसाच्या दारी जावे लागते. वेदान्ताच्या दृष्टीने बंधन हे अज्ञान आहे, म्हणून ज्ञानाने ते सुटते. ख्रिस्ती दृष्टीने बंधन हे तुटलेले नाते आहे. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातील मनुष्याला चांगले काय ते कळते आणि तरीही तो ते करीत नाही. तेथे ज्ञान अपुरे पडते, क्षमा लागते, आणि क्षमा दुसऱ्याकडूनच येते. योहानाच्या आठव्या अध्यायात सत्य मुक्त करते असे येशू सांगतो खरे, पण पुढे लगेच पापाच्या दास्याविषयी बोलून मुक्त करणारा पुत्र आहे हेही तो सांगतो. ते सत्य एक व्यक्ती आहे.

येथे एक न्याय पाळला पाहिजे. हिंदू धर्म म्हणजे केवळ अद्वैत नव्हे. तुकोबांच्या अभंगांत स्वतःच्या दोषांची कबुली आणि देवाच्या कृपेची याचना पानोपानी आहे. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो अशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भावना होती. म्हणून 'त्यांच्याकडे कृपा नाही' असेही वर्गात शिकवू नये.

आता त्या गाळाविषयी. कारखान्यात तांबे घेऊन उरलेले टाकून देतात. परंतु देह, श्रम, घाम, कुटुंब हे आपल्या श्रद्धेत टाकाऊ नाही. शरीराच्या पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे. श्रद्धा-सिद्धान्त मंडळाने २०१८ साली 'प्लाकुइत देओ' या पत्रात दोन भ्रमांविषयी सावध केले आहे. स्वतःच्या बळावर स्वतःला तारता येते हा एक. तारण ही केवळ अंतरीची गोष्ट असून देहाशी व जगाशी तिचा संबंध नाही हा दुसरा. हे पत्र हिंदूंवर लिहिलेले नाही, ख्रिस्ती माणसांतील प्रवृत्तींवर आहे, हे विसरू नये.

दुसरा भ्रम किती महाग पडतो हे चोखोबांच्या जीवनात दिसते. अंतरीची मुक्ती त्यांच्यापाशी नव्हती असे कोण म्हणेल? तरीही देवळाचे दार त्यांना बंदच राहिले, आणि १३३८ साली मंगळवेढ्यास बांधकामावर राबत असता भिंत कोसळून ते गेले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ चा अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि १९५६ साली नागपुरास त्यांनी जे पाऊल टाकले, त्यामागे अंतरीच्या समाधानावर भागणार नाही हीच जाणीव होती. ख्रिस्ती समाजानेही गुलामांना शतकानुशतके सहनशीलता शिकविली. तेव्हा दगड उचलण्यास आपले हात मोकळे नाहीत. मलाजखंडसारख्या ठिकाणी ठेक्यावर राबणाऱ्या मजुराला कोणी मनःशांतीचा उपदेश करू लागला तर, तो गीतेतून असो वा शुभवर्तमानातून, त्या मजुराची मजुरी वेळेवर मिळते काय हे त्याने आधी विचारावे असे आम्हांस वाटते.

टिपणांतील ते वाक्य आम्ही खोडले आहे. त्याऐवजी नवीन वाक्य लिहिलेले नाही. धर्मशिक्षकांनी प्रथम ऐकावे, समोरचा मनुष्य कशापासून मोकळा झाला आहे ते त्यास विचारावे, आणि मग आपले सांगावे, एवढीच सूचना तेथे घातली आहे.

आमचा धर्मशिक्षक पुढे भावाकडे गेला. प्रकरण शेताच्या हिश्श्याचे होते आणि चूक पुष्कळशी त्याची स्वतःची होती. भाऊ लगेच बोलला नाही. तिसऱ्या खेपेस बोलला. नंतर मलाजखंडास जाऊन त्याने त्या वृद्ध गृहस्थांस ही सर्व हकीकत सांगितली, स्वतःची चूक न लपविता. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, चहा मागविला आणि पौलाचे ते तुरुंगातले पत्र मराठीत मिळेल काय असे विचारले. प्रत त्यांस पोहोचली आहे. ते ती वाचीत आहेत. मत अद्याप दिलेले नाही.