एकट्याने लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे संगणक शाखेच्या दुसऱ्या वर्षाला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हा विषय असतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. डी. एम. ढमढेरे यांचे पाठ्यपुस्तक वाचून कित्येक विद्यार्थ्यांनी शेड्युलिंग, पेजिंग, डेडलॉक शिकून घेतले. पण त्या वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारले, “मॅडम, शेवटच्या वर्षाला मी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहू का?” तर बहुतेक एकच उत्तर मिळेल: “अगं, त्याला हजारो माणसं लागतात. त्यापेक्षा एखादं अ‍ॅप कर.”

ही शंका उगाच आलेली नाही. ‘स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टिम’ अशी बातमी आली की आतला गाभा, म्हणजे कर्नल, कुठला हे बघावेच लागते. सी-डॅकची ‘बॉस’ डेबियन लिनक्सवर उभी आहे. राकेश देशमुख आणि आयआयटी मुंबईतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बाजारात आणलेली ‘इंडस ओएस’ अँड्रॉइडवर बेतलेली होती. २०२३ मध्ये गाजलेली ‘भारओएस’ही अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरच. यातले काम खोटे नव्हते. मराठीसकट भारतीय भाषांत फोन वापरता यावा, यासाठी इंडसने घेतलेली मेहनत मोलाची होती. मात्र या तिन्हींच्या तळाशी असलेला कर्नल लिनक्सचा आहे, आणि हे सांगण्यात कमीपणा नाही.

मग पहिल्या ओळीपासून सगळे एकट्याने लिहिणे कितपत शक्य आहे?

जुन्या पद्धतीच्या पीसीचे बटण दाबले की बायोस डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट मेमरीत आणतो. त्यातले शेवटचे दोन बाइट हेक्साडेसिमलमध्ये ५५ आणि एए असले, तरच तो पुढचा ताबा त्या कोडकडे देतो. इथे ना फाइल असते, ना प्रिंटएफ. प्रोसेसर १६ बिटच्या जुन्या अवस्थेत जागा होतो, त्याला संरक्षित अवस्थेत न्यावे लागते. मेमरीची पाने आखावी लागतात, इंटरप्टचा तक्ता भरावा लागतो. तक्त्यातली एक नोंद चुकली, तर त्रुटी हाताळणारा कोडच कोसळतो आणि प्रोसेसर कसलाही संदेश न देता यंत्र पुन्हा सुरू करतो. चूक कुठे झाली हे सांगणारे कोणी नसते, कारण ते सांगणारी यंत्रणा अजून लिहायचीच असते.

हे जमले की खरा आनंद सुरू होतो. टायमरची चिप सेकंदाला, समजा, शंभर वेळा प्रोसेसरला थांबवते. प्रत्येक वेळी कर्नल चालू प्रोग्रामची रजिस्टरे जपून ठेवतो आणि दुसऱ्याची भरतो. दोन प्रोग्राम एकाच वेळी चालल्यासारखे दिसतात. परीक्षेत सात-आठ गुणांसाठी लिहिलेले ‘कॉन्टेक्स्ट स्विच’ हे प्रकरण आपल्या हातांनी चालवून पाहणे, यासारखे शिक्षण नाही, असे माझे ठाम मत आहे.

आणि एवढे काम एका माणसाच्या आवाक्यातले आहे. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ वर युनिक्सचा पहिला सांगाडा सुमारे तीन आठवड्यांत उभा केला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची जी पहिली आवृत्ती दिली, ती साधारण दहा हजार ओळींची होती. पुढच्याच जानेवारीत अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्यासारख्या जाणत्या प्राध्यापकाने तिची रचना कालबाह्य ठरवली. अर्थात टोरवाल्ड्सकडेही ग्नूचा कंपायलर तयार होता आणि काम करायला टॅनेनबॉम यांचीच मिनिक्स ही सिस्टिम होती. स्वीडनच्या आंद्रेआस क्लिंगने २०१८ मध्ये ‘सेरेनिटी’ एकट्याने सुरू केली. तिच्यात खिडक्यांपासून ब्राउझरपर्यंत सगळे आले खरे, पण तोवर जगभरातले अनेक हात तिला लागले होते.

खरी भिंत कर्नलच्या बाहेर आहे. प्रत्येक वायफाय चिप, प्रत्येक ग्राफिक्स कार्ड, प्रत्येक प्रिंटरला त्याचा ड्रायव्हर हवा, आणि कित्येक कंपन्या आपल्या चिपची माहिती उघड करत नाहीत. आज लिनक्सच्या कोडमध्ये तीन कोटींहून अधिक ओळी आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त ड्रायव्हरच्या. त्यावर आजचा ब्राउझर चढवायचा, म्हणजे आणखी तेवढाच डोंगर. म्हणून “माझी सिस्टिम उद्या विंडोजची जागा घेईल,” असे कोणी एकटा म्हणाला तर विश्वास ठेवू नये. “माझा कर्नल तीन प्रोग्राम आळीपाळीने चालवतो,” असे म्हणाला तर आधी बसून पाहावे.

पाहायचे कसे? बूट होतानाचा पहिला कोड दाखवायला सांगावे. कर्नल स्वतःचा की लिनक्सचा, हे विचारावे. गिटमधला इतिहास उघडावा: महिनोन्‌महिने साचलेल्या छोट्या दुरुस्त्या दिसतात, की एका रात्रीत आलेला ढीग? कोड लिहून देणाऱ्या एआयच्या काळात हे अधिकच गरजेचे झाले आहे. मग एखादी ओळ बदलायला सांगून परिणाम काय होईल ते आधी विचारावे. ज्याने लिहिले आहे तो सांगू शकतो. क्यूएमूसारख्या आभासी यंत्रावर चालून दाखवल्यावर खऱ्या, जुन्या लॅपटॉपवरही चालवायला लावावे.

कल्याण-डोंबिवलीच्या घरात असा जुना लॅपटॉप मिळणे अवघड नाही. क्यूएमू फुकट आहे, आणि एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली ‘एक्सव्ही६’ ही दहा हजारांहून कमी ओळींची सिस्टिमही फुकट आहे. ठाणे जिल्ह्यातल्या प्राध्यापकांना एवढीच विनंती आहे: पुढच्या वेळी कोणी विद्यार्थी हा प्रकल्प घेऊन आला, तर त्याला अ‍ॅपकडे वळवू नका. प्रकल्पाची व्याप्ती छोटी करून द्या, आणि परीक्षणाच्या दिवशी वर दिलेले सगळे प्रश्न विचारा.