बाल्टिमोरहून गडचिरोलीत : जुनं गोदाम ते शोधग्राम

● कोण? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन 1984मध्ये मायदेशी परतले.

● कुठे? गडचिरोली. चंद्रपूरमधून 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झालेला, तेव्हा अगदी नवखा जिल्हा. बंग दांपत्य इथे आलं 1986मध्ये. त्याच वर्षी त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू झालं.

● पहिली वास्तू : नवी इमारत बांधण्याऐवजी एक जुनं गोदाम मालकाकडून मागून घेतलं आणि साफसूफ करून तिथेच संशोधनाचं कार्यालय थाटलं.

● पुढचा मुक्काम : धानोरा मार्गावर चातगावजवळ वसवलेलं शोधग्राम.

● तिथल्या रुग्णालयाचा आराखडा कुणाचा? गोंड आदिवासींचा. दवाखान्याची भीती का वाटते, हे त्यांनाच विचारलं. उत्तरं मिळाली : मोठ्या इमारतीत जीव गुदमरतो, नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे पाहून प्रेतावरचं कापड आठवतं. म्हणून वॉर्डांऐवजी झोपड्या उभ्या राहिल्या. रुग्णासोबत घरच्यांनाही राहायची सोय झाली. रुग्णालयाला नाव मिळालं आदिवासींची देवी माँ दंतेश्वरीचं.

● संशोधनातून निष्पन्न काय? 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष 1999मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, पुढे ‘आशा’ आरोग्यसेविकांमार्फत हीच पद्धत देशभर गेली.

● सन्मान : महाराष्ट्र भूषण (2003), पद्मश्री (2018).