विहीरभर लसिका, दोन थेंबांची गळती

सोळा फूट रुंदीची एक विहीर डोळ्यांसमोर आणा. आत दोन पुरुषांहून थोडं जास्त पाणी. म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी हजार लिटर. आता काठावरून वाकून नीट बघा, कारण हे पाणी तुमच्याच अंगातलं आहे!

रक्ताच्या केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो, पेशींभोवती साठतो. उरलेला द्रव, म्हणजेच लसिका, गोळा करून पुन्हा रक्तात सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं. रोज सुमारे ३ लिटर. सत्तर वर्षांचा हिशेब मांडा : ७६,६५० लिटर. भरली की नाही विहीर? आणि त्यातला बारा आणे भाग छातीतल्या एकाच नळीतून जातो. लांबी जेमतेम हातभर, रुंदी ज्वारीच्या दाण्याएवढी!

आता मुंबई घ्या. २०११च्या जनगणनेनुसार सव्वा कोटीच्या आसपास माणसं. रोजची लसिका पावणेचार कोटी लिटर. दहा हजार लिटरचे टँकर मागवले तर ३,७५० लागतील. एकेका टँकरला नऊ मीटर जागा दिली तर रांग बोरीबंदरहून निघून थेट ठाण्याला टेकते. १८५३ साली पहिली आगगाडी धावली, तेच ३४ किलोमीटर. आणि ही रांग रोज नवी! सगळा देश धरला, १४० कोटी, तर दोन आठवड्यांत खडकवासला धरण काठोकाठ.

एवढं पाणी वाहतं आणि दिसत मात्र नाही. लसिका जवळजवळ रंगहीन, वाहिन्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या. १६२२ साली इटलीत गास्पारे आसेली यांना कुत्र्याच्या पोटात पांढरे धागे दिसले, तेही कुत्रा नुकताच भरपेट जेवला होता म्हणून. अन्नातली चरबी लसिकेत उतरली की ती दुधासारखी होते.

हे न दिसणं किडनी प्रत्यारोपणात फार महागात पडू शकतं. बॉस्टनमध्ये १९५४ साली पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं, आपल्याकडे वेल्लोरला १९७१ साली. तेव्हापासून सर्जन प्रामुख्याने तीन जोड घालतात : धमनी, शीर आणि मूत्रनलिका. नव्या किडनीच्या लसिकावाहिन्या कुणी शिवत नाही, त्या पुढे आपल्या आपण वाट शोधतात. ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या करताना भोवतालचे लसिकेचे धागेही तुटतात. सर्जन ते बांधतात. पण एखादा सुटला तर?

समजा, मिनिटाला दोन थेंब. किती किरकोळ! पण दिवसाचे २,८८० थेंब झाले, म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या आसपास. आठवड्यात लिटरभर. शरीर यातलं काही शोषून घेतं, तरी किडनीशेजारी डबकं साठू शकतं. त्याला लिम्फोसील म्हणतात. ते मूत्रनलिका दाबतं, पाय सुजतो, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने लघवीत टाकायचा कचरा, चढतं. आईने दिलेली किडनी मुलाच्या शरीराने नाकारली की काय, या धास्तीने घरातल्या कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि कारण काय, तर दोन थेंब!

ते शोधायला आधी सोनोग्राफी. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपाशी थकतो, सोनोग्राफीचा ध्वनी सेकंदाला पस्तीस लाख वेळा थरथरतो. शरीरातला त्याचा वेग सेकंदाला १,५४० मीटर. डेक्कन क्वीनला मुंबई-पुण्याचे १९२ किलोमीटर कापायला तीन तासांहून जास्त लागतात, हा दोन मिनिटांत पोचेल! इथे तर त्याला फक्त बोटभर खोल जायचंय. जाऊन परत यायला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. पडद्यावर काळं डबकं उमटतं. सुईने थोडं पाणी काढून तपासायचं. क्रिएटिनिन रक्ताइतकंच असेल तर ती लसिका, कितीतरी पट जास्त असेल तर लघवी.

पण गळतंय कुठून? त्यासाठी पायाच्या बोटांच्या बेचक्यात किरणोत्सर्गी टेक्नेशियम टोचतात. एक मिलिक्युरी घेतलं तर त्यातले ३ कोटी ७० लाख अणू दर सेकंदाला फुटतात. तुम्ही 'अबब' म्हणेपर्यंत तीन कोटी सत्तर लाख! किती अणू असतील एकूण? सुमारे १ लाख १५ हजार कोटी. एका अणूचा एक रुपया धरला तर मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज, एक लाख आठ हजार कोटींचा, त्यात भागून वर शिल्लक उरते. आणि या सगळ्या अणूंचं मिळून वजन? मिठाच्या एका कणाच्या तीन लाखाव्या भागाएवढं! ते लसिकेबरोबर पायातून वर चढतात आणि गळतीपाशी जमले की कॅमेऱ्यात ठिपका उजळतो.

याहून बारीक पाहायचं तर तेल. खसखशीचंच तेल, पण आयोडीन जोडलेलं. नाव लिपिओडॉल, जन्म १९०१चा. सोनोग्राफीत बघत बघत जांघेतल्या लसिकाग्रंथीत केसासारखी सुई घालायची आणि तेल हळूहळू सोडायचं, मिनिटाला चार-सहा थेंब. एकूण समजा सहा मिलिलिटर, चहाचा सव्वा चमचा. त्यात आयोडीन तीन ग्रॅमला जरा कमी. आता श्वास रोखा, त्यातले अणू १३७वर वीस शून्यं! १४० कोटी भारतीयांत सारखे वाटले तर तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास दहा लाख कोटी. महाराष्ट्राचा २०२५-२६चा अख्खा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता! सेकंदाला एक अणू या गतीने प्रत्येकाने नुसता आपला वाटा मोजायचा म्हटलं तरी तीन लाख वर्षं सरतील. हे सगळं सव्वा चमच्यात!

ही सगळी गर्दी त्या कोळ्याच्या धाग्यातून वर सरकते. क्ष-किरणांच्या पडद्यावर मण्यांची माळ उमटत जाते, जांघेतून ओटीपोटात, मणक्याच्या कडेने वर. डॉक्टर डोळे न मिटता बघत राहतात. मणी, मणी, मणी. आणि मग एक मणी ओळ सोडून बाजूला घरंगळतो.

तिथेच फुटलाय धागा. कित्येक रुग्णांत ते चिकट तेलच भोकात बसतं आणि गळती थांबवतं. मिनिटाला दोन थेंब, मग एक, मग गळणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, म्हणजे ड्रेनची, पिशवी कोरडी.