आधी घाट, मग साडी

लग्न ठरलेलं जोडपं प्री-वेडिंग शूटच्या कपड्यांसाठी माझ्याकडे येतं, तेव्हा ‘ताई, कोणता रंग घेऊ?’ हा पहिला प्रश्न असतो. मी विचारते, फोटो कुठे काढायचेत आणि किती वाजता? या दोन गोष्टी ठरल्याशिवाय मी दुकानात पाऊल टाकू देत नाही.

गेल्या हिवाळ्यात आलेल्या जोडप्याचं ठिकाण पक्कं होतं : वाईजवळचं मेणवली. कृष्णेकाठचा नाना फडणविसांचा वाडा आणि नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. ‘स्वदेस’चं चित्रीकरण झाल्यामुळे हे गाव पुष्कळांच्या ओळखीचं आहे. मुलाच्या मनात काळा शर्ट होता, मुलीच्या मनात गर्द जांभळा गाऊन. दोन्ही मी नाकारले, कारण तो घाट काळ्या बेसाल्टचा आहे. पहाटेच्या मंद उजेडात त्या दगडासमोर काळा शर्ट घालून उभं राहिलं, तर चेहरा आणि हात तेवढे दिसतात, बाकीचा माणूस दगडात मिसळून जातो. पांढराशुभ्र कपडाही तिथे अवघडच. चौकटीत काळं जास्त असलं की कॅमेरा आपणहून चित्र उजळायला बघतो. फोटोग्राफरनं वेळीच आवरलं नाही, तर पांढऱ्या कपड्यावरच्या चुण्या, शिवण, पोत सगळं पुसलं जातं. अशा दगडावर मोतिया, हळदी, विटकरी, पोपटी हे रंग उठून दिसतात. हिरवळीवर शूट असतं तर हिशेब बदलला असता. गवतात बसलं की खालून हिरवी झाक हनुवटीवर येते आणि फिकट कपडा ती आणखी दाखवतो.

रंग बघायची रीत आपल्या आया-मावश्यांना पक्की ठाऊक आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात साडी पसंत पडली की त्या ती घेऊन दारापर्यंत येतात आणि म्हणतात, ‘जरा उजेडात बघू द्या.’ दुकानातल्या दिव्यांखाली जो डाळिंबी वाटतो, तो बाहेर राणी निघतो. रेशमात तर हे जास्तच. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाँव होते. ती निरीवर एक रंग दाखवते, खांद्यावर दुसरा. अशी साडी मी खांद्यावर टाकून मुलीला दारात हळूहळू गोल फिरायला लावते आणि मोबाइलवर टिपून घेते. कपडा डोळ्याला काय दिसतो आणि कॅमेऱ्याला काय दिसतो, यातला फरक तिथल्या तिथे कळतो. मुलाचे शर्टही असेच तपासते. बारीक चौकडी किंवा दाट रेघा स्क्रीनवर थरथरल्यासारख्या दिसतात, त्यांच्या नसलेल्या लाटा उमटतात. या मुलाचा आवडता शर्ट नेमका तसाच होता, तो मागे ठेवला.

साडी मात्र दुकानात मिळाली नाही. मुलगी सांगलीकडची. तिच्या आईनं संकोचत एक इरकल पुढे केली. म्हणाल्या, “हिच्या बारशाला नेसले होते. पण फोटोत फार साधी दिसेल ना?” मी ती खिडकीशी नेऊन उलगडली. पोपटी अंग सुती, पदर लाल रेशमी, त्यावर पांढरे पट्टे आणि टोपांची रांग. इरकलीचं सगळं सौंदर्य या जोडणीत आहे. सुती अंग उजेड शोषून घेतं आणि निऱ्या शांत बसतात, रेशमी पदर तेवढा झळकतो. चेहऱ्याजवळ झळाळी आणि खाली संथ रंग, यापेक्षा फोटोला आणखी काय हवं? टिकल्यांनी भरलेल्या घागऱ्यात हे होत नाही. तिथे प्रत्येक टिकली स्वतःकडे बघायला लावते.

“मग मीपण पोपटीच घालू का? मॅचिंग होईल,” मुलानं विचारलं. हा आग्रह हल्ली फार आहे आणि मला तो पटत नाही. दोघं एकाच रंगात असली की नजर त्या रंगावरच थांबते, चेहऱ्यांपर्यंत पोचत नाही. त्याला जाड पोताचा मोतिया खादी कुर्ता घेतला आणि वर गडद डाळिंबी बंडी. पदराच्या लालाशी तिचं नातं होतं, पण तो लाल तिनं उचलला नव्हता.

कपडे ठरले तरी काम अर्धंच झालेलं असतं. मी दोघांनाही ते घालून जमिनीवर बसायला, वाकायला, जिना चढायला सांगते. आईचं ब्लाउज दंडात आवळत होतं. आत दाबलेलं कापड होतं, म्हणून शिंप्यानं टीप उसवून ते सोडलं आणि हात वर जायला लागला. कुर्त्यातून बनियनचा गळा दिसत होता, तो बदलला. खिशातला मोबाइल आणि किल्ल्या काढून ठेवायच्या, हे त्याला दोनदा सांगितलं. कोल्हापुरी चपला घरात घालून पायात मुरवल्या, नाहीतर पायाला फोड आलेला माणूस हसतानाही कळतो. ओल्या, शेवाळलेल्या पायरीवर चामड्याचा तळ घसरतो, म्हणून शेवटच्या पायऱ्यांवर दोघं अनवाणीच उतरणार, हेही आधीच ठरवलं.

नेसायला वेळ लागतो आणि घाटावर कपडे बदलायची सोय धरून चालता येत नाही. म्हणून इरकल वाईतल्या मुक्कामावरच नेसवून निघालो. दुसरा कपडा गाडीत बदलता येईल असा, रोजचा सुती कुर्ता आणि जीन्स. दोनच जोड. पाच जोड नेणारी मंडळी सकाळचा चांगला उजेड इस्त्री आणि सेफ्टी पिनांत घालवतात. आणि लांब शेपटाच्या भाड्याच्या गाऊनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो बहुधा तिच्या मापाचा नसतो, पाठीवर पिना मारून बसवलेला असतो. मग ती मोकळेपणानं वळू शकत नाही, बसू शकत नाही आणि शेजारच्या माणसाच्या खांद्यावर निवांत रेलूही शकत नाही. ज्याच्यासाठी फोटो काढायचे, तेच राहून जातं.

तुमच्या घरी असं शूट ठरलं असेल, तर भाड्याची चौकशी करण्याआधी दोन्ही घरची कपाटं उघडा. आवडेल तो कपडा खिडकीशी न्या, सकाळच्या उजेडात बघा आणि तो घालून निदान एक तास घरात वावरा.