उतावळा आयन आणि लांब साखळी

हिंडलग्यावरून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागणाऱ्या मालमोटारीच्या चाकात रबरी ट्यूब असेल, तर ती बहुधा ब्यूटिल रबराची असते. साध्या रबराच्या मानाने तिच्यातून हवा फार सावकाश झिरपते. हे रबर १९३७ साली अमेरिकेत टॉमस आणि स्पार्क्स यांनी तयार केले. ते घडते उणे १०० अंश सेल्सियसच्या जवळपास. एवढी थंडी कशासाठी, हे उमजण्यास आयनांचे वर्तन पाहिले पाहिजे.

आयसोब्यूटिलीन हा वायू ब्यूटिल रबराचा मुख्य घटक, आणि व्हिनिल संयुगांचा निकटचा आप्त. त्याच्या रेणूत कार्बनच्या दोन अणूंमध्ये द्विबंध असतो. ॲल्युमिनियम क्लोराइड व पाण्याचा अंश यांपासून मिळालेला प्रोटॉन या द्विबंधास चिकटला, की कार्बनवर धन प्रभार येतो. हा धन-आयन शेजारच्या रेणूस ओढून घेतो, प्रभार नव्या टोकावर सरकतो, आणि सहस्रावधी रेणूंची साखळी पाहता पाहता गुंफली जाते.

परंतु हा आयन जितका उतावळा तितकाच अस्थिर. संधी मिळताच तो आपला प्रोटॉन दुसऱ्या रेणूस देऊन टाकतो आणि साखळी तेथेच खुंटते. उष्णतेने ही प्रवृत्ती बळावते. मग रबराऐवजी चिकट तेल हाती येते. थंडीत ती मंदावते. पाण्याचेही तसेच : अंशमात्र हवे, अधिक झाल्यास घातक.

धन-आयनाच्या सोबतीस ऋण-आयन असतोच. ध्रुवीय विद्रावकात दोघे बरेचसे विलग होतात, अध्रुवीय विद्रावकात जोडीने राहतात. मोकळा आयन जोडीतल्यापेक्षा कितीतरी वेगवान असावा, असे पूर्वी मानीत. पुढील मोजमापांत हा फरक अल्पच ठरला. खरे महत्त्व निराळ्याच गोष्टीला आहे : एखाद्या क्षणी किती टोके आयनरूपाने जागी आहेत आणि किती निद्रिस्त आहेत.

१९८४ साली जपानमध्ये हिगाशिमुरा, सावामोतो व त्यांच्या सहकाऱ्याने हायड्रोजन आयोडाइड व आयोडीन यांच्या साहाय्याने व्हिनिल ईथरची बहुतेक टोके निद्रिस्त ठेवली. प्रत्येक टोक आळीपाळीने जागे झाल्याने सर्व साखळ्या सारख्या वाढल्या. १९८६ साली ॲक्रन येथे केनेडी व फाउस्ट यांनी आयसोब्यूटिलीनबाबत हेच साधले. केनेडी यांच्यापाशी पूर्वी संशोधन केलेले डॉ. शिवराम पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

या मार्गाने घडविलेल्या स्टायरीन व आयसोब्यूटिलीनच्या बहुवारिकाचा लेप असलेली, औषध पाझरणारी हृदयरोहिणीची जाळी २००४ साली अमेरिकेत मान्य झाली. चाकातील हवा राखणाऱ्या रबराचाच हा आप्त. उतावळ्या आयनास आवर घालता आला, म्हणूनच तो रुग्णाच्या हृदयापर्यंत पोहोचला.