मोहरमला अधिक नसतो

दुसऱ्यांच्या चुका शोधून मी आयुष्यभर पोट भरलं. कागदोपत्री मुद्रितशोधक, छापखान्यात नुसता 'प्रूफवाला'. १९८४ च्या पावसाळ्यात गिरगावातल्या एका छापखान्यात चिकटलो आणि पहिलंच मोठं काम हाती आलं ते पुढच्या वर्षाच्या दिनदर्शिकेचं. १९८५ ला अधिक श्रावण होता. त्यामुळे गणपती ऑगस्टच्या अखेरीहून उठून सप्टेंबरच्या मध्यावर गेलेले, मागोमाग दसरा-दिवाळीही सरकलेली. मोहरमचे ताबूत मात्र उलटे मागे आले होते. आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आता सप्टेंबरच्या शेवटच्या. सापडली चूक, म्हटलं. लाल शाईने काट मारली आणि समासात ऐटीत लिहिलं : 'अधिक मास धरलेला नाही. महिना पुढे घ्या.'

जुळारीखात्याचे फोरमन काका चष्मा कपाळावर चढवून ते वाचत राहिले. मग बाइंडिंगच्या दिशेने ओरडले, "ओ चाचा, या जरा! ह्या पोराने तुमच्या मोहरमला धोंड्याचा महिना लावलाय."

चाचा खळीचे हात पुसत आले. श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, बोलणं आमच्याइतकंच मराठी. हसले आणि म्हणाले, "मोहरमला अधिक नसतो रे पोरा. बारा म्हणजे बाराच."

"आमच्यात असतो," काका म्हणाले.

काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागेकडचे, आडनाव '-कर'वालं. पूर्वजांचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात 'शनिवार तेली'. मला तोवर वाटायचं, यहुदी आणि मुसलमान धर्माने तसे जवळपास सारखेच असणार. दोघांत सुंता, दोघांना डुक्कर वर्ज्य, दोघांत मूर्ती नाही. देव एक, यावर तर दोघांची इतकी ठाम एकवाक्यता की शब्दसुद्धा सख्खे : हिब्रूत एहाद, अरबीत अहद. बाराव्या शतकातला यहुद्यांचा मोठा धर्मशास्त्री मायमोनिडीस कैरोजवळच्या फुस्तातला वैद्य. त्याने धर्मांतर करून यहुदी झालेल्या एकाला स्पष्ट लिहून कळवलं होतं की मुसलमान मूर्तिपूजक नव्हेत, त्यांचं एकेश्वरत्व निखळ आहे. ज्या बाबतीत दोन धर्म सहसा भांडतात, तिथे ह्यांचं भांडणच नाही. मग आहे कुठे? मला ते पहिल्यांदा दिसलं ते त्या काट मारलेल्या चौकटीत.

हिशेब आपल्या ओळखीचा आहे. चंद्राचे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षाला ते अकरा दिवसांनी कमी पडतात. ही तूट साठली की आपण अधिक महिना घालतो, एकोणीस वर्षांत सात. यहुदी पंचांगातही नेमकं तेच गणित, एकोणीस वर्षांत सात. फरक इतकाच की आपला अधिक चैत्र, ज्येष्ठ, श्रावण असा कुठेही पडतो. त्यांचा ठरलेला : अदार. वल्हांडणाचा सण वसंतात, जवाच्या कणसांच्या महिन्यात पाळा अशी यहुदी धर्मग्रंथाची, तोराची, आज्ञा आहे. अदारच्या पुढचाच महिना वल्हांडणाचा, म्हणून भर तिथे.

पण गणित बसवण्याआधी शेकडो वर्षं हा महिना घालावा की नाही हे यहुदी पंडितांची सभा ठरवायची, आणि त्यांची कारणं वाचताना मी थक्क झालो. जव पिकलं नाही, फळं धरली नाहीत, हे झालंच. शिवाय रस्ते पावसाने उखडलेत, पूल पडलेत, वल्हांडणाचं कोकरू भाजायच्या भट्ट्या ओल्या आहेत, दूरदेशीचे यात्रेकरू घरून निघालेत पण अजून पोचलेले नाहीत. अशा कारणांसाठी अख्ख्या वर्षात महिना वाढवता येई, असं तल्मूद ह्या यहुदी शास्त्रग्रंथात नोंदलेलं आहे. म्हणजे वाटेतल्या माणसासाठी देवाचा सण थांबवायचा. एसटी पोचेपर्यंत लग्नाचा मुहूर्त धरून ठेवावा, तसं.

महिन्याची सुरुवातही साक्षीदारांवर. नवी चंद्रकोर पाहिलेले लोक जेरुसलेमला एका मोठ्या अंगणात जमत, आणि त्यांनी यावं म्हणून तिथे भरपेट जेवण असे. (साक्षीला माणसं कशी आणायची हे त्यांना नीट कळलं होतं.) पुढे सभा यावने गावी बसू लागली, तिचा प्रमुख रब्बी गमलिएल. त्याच्या माडीवर भिंतीला फळी होती, तिच्यावर चंद्राच्या आकृत्या. साध्याभोळ्या साक्षीदाराला तो विचारी, असा दिसला की असा? एकदा दोघांनी साक्ष दिली ती उघड विसंगत होती. गमलिएलने मान्य केली. रब्बी दोसा म्हणाला, हे खोटे साक्षीदार. बाई बाळंत झाली म्हणता आणि दुसऱ्या दिवशी पोट तसंच? रब्बी यहोशुआला ते पटलं. त्याच्या हिशेबाने योम किप्पूर, वर्षातला सगळ्यात कडक उपासाचा दिवस, एक दिवस पुढे येत होता. गमलिएलने त्याला निरोप धाडला : तुझ्या हिशेबाने जो योम किप्पूर, त्याच दिवशी काठी आणि पैशाची पिशवी हातात घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे तुझ्या मते जे महापाप, ते माझ्यासमोर कर.

यहोशुआ खचला. रब्बी अकिबाने त्याची समजूत काढली, ती अशी की सणांचे दिवस तुम्ही जाहीर करायचे आहेत असंच शास्त्र सांगतं. वेळेवर असोत वा नसोत, जाहीर झाले तेच सण. यहोशुआ काठी आणि पैसे घेऊन गेला. गमलिएल उभा राहिला, त्याने त्याच्या मस्तकाचं चुंबन घेतलं आणि त्याला आपला गुरूही म्हटलं, शिष्यही.

हे मी वाचलं ते छापखान्यात लागून बरीच वर्षं झाल्यावर. प्रूफवाल्याच्या जिवाला ते चटका लावून गेलं. चूक कदाचित खरीच होती, पण छापून झालेली होती, आणि छापलेलं तेच खरं! यहुदी पुराणकथा तर ह्याहून पुढे जातात. देवदूत देवाला विचारतात, वर्षारंभ केव्हा? देव म्हणतो, मला काय विचारता, चला, खालच्या सभेत जाऊन विचारू.

चाचांच्या बाजूने पाहिलं की हे सगळं अंगावर येतं. कारण अरबस्तानात हाच अधिकार माणसांनी कसा वापरला हे इस्लामने पाहिलं होतं. इस्लामपूर्व अरबांत चार महिने पवित्र, त्यांत लढाई बंद. त्यातले तीन लागोपाठ यायचे. लुटीवर जगणाऱ्या टोळ्यांना ते जड जाई. मग हजच्या मेळ्यात किनाना टोळीचा माणूस जाहीर करी की यंदा मोहरमचं पावित्र्य पुढच्या सफर महिन्यात ढकललं आहे. ह्याला म्हणत नसी. ती नुसती पवित्र महिन्यांची अदलाबदल होती की अधिक महिनाही घालत, ह्यावर अभ्यासकांत वाद आहे. कुराणाच्या नवव्या सूरेने त्यावर थेट बोट ठेवलं : आकाश-पृथ्वी निर्माण झाली त्या दिवसापासून महिने बारा, आणि ही ढकलाढकल म्हणजे नास्तिकपणात भर. ६३२ मध्ये शेवटच्या हजच्या प्रवचनात पैगंबरांनी हेच पुन्हा सांगितलं, की काळ फिरून मूळ जागेवर आला आहे.

तेव्हापासून मुसलमानी वर्ष ऋतूंना बांधलेलं नाही. रमजान दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. चाचा म्हणायचे, "मे महिन्यात बाइंडिंगला रोजा काय असतो ते मला विचार. पण थंडीतलाही मीच धरला. कुणाच्या वाट्याला फक्त उन्हाळा असं होत नाही." वाटेतल्या यात्रेकरूसाठी सण थांबवण्यात एक माया आहे, हे मान्य. पण कुणासाठीच न थांबण्यातही एक आहे, हे मला चाचांमुळे कळलं.

म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो की ह्या दोघांत देव कसा आहे ह्यावर फारसा वाद नाही. देवाने माणसाच्या हाती काय सोपवलं, ह्यावर आहे. अर्थात रेघ इतकी सरळ नाही. दर ईदला चंद्र दिसला की नाही ह्यावरून मोहल्ल्यामोहल्ल्यात रात्री दहापर्यंत फोन चालतात. आणि शास्त्रार्थ करणारा विद्वान बरोबर निघाला तर दुप्पट पुण्य, चुकला तरी एक पुण्य, असं हदीसच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची परंपराच, सांगते. चुकीला बक्षीस देणारी ही एकच कचेरी मला ठाऊक आहे. आमच्या छापखान्यात पगारातून कापत.

दुसरा तंटा मूळ प्रतीचा, म्हणजे धर्मग्रंथाचा. तौरात, म्हणजे तोरा, देवाचीच, पण वाटेत माणसांनी ती बिघडवली, असं मुसलमान मानतात. शब्द बिघडवले की फक्त अर्थ, ह्यावर त्यांच्यातही दोन मतं. कुराण ही शेवटची, शुद्ध प्रत, आणि महंमद शेवटचे पैगंबर. मायमोनिडीसने यहुद्यांच्या श्रद्धेची तेरा कलमं मांडली, त्यांत मोशेच्या तोडीचा पैगंबर झाला नाही आणि होणार नाही, आणि तोरा कधी बदलणार नाही, ही दोन आहेत. इथे तडजोडीला जागाच नाही. पाठभेद तर पानोपानी. तोरात सोन्याचं वासरू मोशेचा सख्खा भाऊ अहरोन स्वतः घडवतो. कुराणात ते काम सामिरी नावाच्या माणसाचं, हारून, म्हणजे अहरोन, लोकांना परावृत्त करतो. पैगंबर असं पाप करील हे इस्लामला मान्य नाही. यहुदी ग्रंथात मात्र थोरामोठ्यांच्या चुका शाईत कायम आहेत. इब्राहिमने बळी द्यायला नेलेला मुलगा तोरात इसहाक. कुराणात नावच नाही. आज मुसलमान इस्माईल म्हणतात, पण दहाव्या शतकात वारलेला मोठा भाष्यकार तबरी इसहाकच्या बाजूचा होता.

काका एकदा मला त्यांच्या मशिदीत घेऊन गेले. हो, बेने इस्राएल लोक मराठीत सिनेगॉगला मशीदच म्हणत. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेली सगळ्यात जुनी. मशीद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं काका छातीठोक सांगायचे. तिथे चामड्याची गुंडाळी उलगडून वाचन चाललं होतं. तोराची अक्षरं तीन लाख चार हजार आठशे पाच, सगळी हाताने लिहिलेली. एक गळलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती प्रत वाचायला बाद. वाचणारा एका शब्दावर अडखळला, चुकीचा उच्चारला. तत्क्षणी बाकांवरून दोन म्हाताऱ्यांनी मोठ्याने दुरुस्त केला. वाचणाऱ्याने मागे जाऊन तो शब्द पुन्हा घेतला.

सोमवारी मी हे चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्यात रमजानच्या रात्री हाफिज अख्खं कुराण तोंडपाठ म्हणतो. चुकला की मागचा माणूस शब्द पुरवतो. त्याला लुकमा देणं म्हणतात." लुकमा म्हणजे घास. माझ्या धंद्याला इतका चांगला शब्द कुणी दिला नव्हता.

तर १९८५ ची ती चौकट. मी काट मारली होती त्या ताबुतांच्या शेजारीच बारीक टायपात योम किप्पूर होता, बुधवार, २५ सप्टेंबर. मोहरमची दहावी आणि यहुदी तिश्री महिन्याची दहावी त्या वर्षी एकाच चंद्रावर पडली होती. मला तो योगायोग वाटला, पण ह्या दोन दहाव्यांचं नातं जुनं निघालं. हदीस सांगते की पैगंबर मदिनेला आले तेव्हा त्यांना यहुदी लोक दहावीचा उपास करताना दिसले. का, म्हणून विचारलं, तर मोशेची सुटका झाली त्याची आठवण. मोशे आम्हाला अधिक जवळचा, म्हणत त्यांनीही उपास सांगितला. रमजानचे रोजे आल्यावर तो ऐच्छिक झाला, आणि पुढे यहुद्यांहून वेगळं दिसावं म्हणून नववी जोडायचा विचार झाला. पंचांगं फाटत गेली ती अशी, एकेका दिवसाने.

काका आणि चाचा दोघेही आता नाहीत. मी निवृत्त झालो तरी दिनदर्शिकेची प्रुफं अजून माझ्याकडे येतात, आता फोनवर. २०२७ ची पाहत होतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यहुद्यांचा अधिक अदार सुरू होतो. रमजानही त्याच कोरीने लागतो. दोन्ही ओळी एकाच चौकटीत बसत नव्हत्या म्हणून जुळवणाऱ्या मुलीने एक खालच्या दिवशी ढकलली होती. मी रमजानपुढे 'चंद्रदर्शनावर अवलंबून' घातलं, टाइप अर्ध्या पॉइंटने कमी करायला सांगितला, आणि दोन्ही ओळी जागेवर आणल्या.