गडचिरोली पहिली कशी आली?

संगणकातून आलेला तक्ता म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. मलाही वाटत असे. आकडे सगळे बरोबर असूनही तक्ता साफ चुकीचा असू शकतो, हे मला भूगोलाच्या प्रात्यक्षिकात कळले.

२०११ च्या जनगणनेवरून जिल्ह्यांचा तक्ता करायचा होता. लोकसंख्या हा मोजलेला आकडा. त्यात ठाणे जिल्हा राज्यात पहिला होता (पालघर जिल्हा त्यातून पुढे २०१४ साली वेगळा झाला). घनता मात्र काढावी लागते. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागायचे. दर चौरस किलोमीटरला मुंबई उपनगर २०,९८०, ठाणे १,१५७, आपला जालना २५४ आणि गडचिरोली ७४. तक्ता शोभून दिसावा म्हणून मी प्रत्येक आकड्यापुढे 'माणसे' हा शब्द जोडला आणि मग संगणकाला मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावायला सांगितले. क्रम आला तो असा: गडचिरोली, जालना, मुंबई उपनगर, ठाणे! वर्गात हशा पिकला.

संगणकाचा यात दोष नव्हता. शब्द जोडल्याबरोबर त्याच्या लेखी आकडा हा आकडा उरला नाही, मजकूर झाला. मजकूर तो शब्दकोशासारखा, एकेक अक्षर पाहून लावतो. ७ हा २ पेक्षा मोठा, म्हणून गडचिरोली वर. जालना आणि मुंबई दोघांचाही आरंभ २ ने. मग दुसरे अक्षर पाहायचे, तर ५ हा शून्यापेक्षा मोठा. बिचारे ठाणे १ मुळे तळाला गेले. म्हणजे क्रम लावेपर्यंत आकडा उघडाच ठेवावा. 'माणसे', 'टक्के', स्वल्पविराम हे दागिने नंतर घालावेत.

हशा ओसरला आणि मला बारावीनंतरची एक यादी आठवली. एका वसतिगृहात प्रवेशासाठी मी अर्ज केला होता. जागा दहाच होत्या. कोणाची परीक्षा सहाशे गुणांची, कोणाची पाचशेची, म्हणून टक्केवारी काढून यादी लावायची होती. शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर दादांनी ती पाहून घेतली. पहिल्या पानावर माझे नाव नव्हते. "दहात न्हाई म्हनल्यावर संपलं," एवढेच ते म्हणाले. त्या वर्षी मी एस.टी.ने जाऊन-येऊन शिकलो.

त्या यादीचे छायाचित्र माझ्याकडे होते. प्रात्यक्षिकानंतर ते काढून पाहिले. दुसऱ्या पानावर, अकराव्या क्रमांकाला, मी ८१ टक्क्यांवर. आणि पहिल्या पानावरील दहावा ६४ वर! प्रत्येक पान आपापल्यापुरते बरोबर उतरत गेले होते. त्यामुळे कोणाच्याच लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

असे का व्हावे, हे आमच्या सरांना विचारले. ते म्हणाले, साठवलेले असतात ते गुण. टक्केवारी पान दाखवतेवेळी काढली जाते. त्यामुळे मूळ साठ्याला टक्केवारीनुसार क्रम लावता येत नाही. मग तो अर्ज आले त्या क्रमाने दहा-दहा नावे देतो, त्या दहांचीच टक्केवारी निघते आणि क्रमही त्या दहांतच लागतो. खरे तर सगळ्यांची टक्केवारी आधी काढायची, सगळ्यांचा एकच क्रम लावायचा आणि पाने त्यानंतर पाडायची. बाजरीच्या प्रत्येक पोत्यातील उत्तम मूठ काढली, तर ती साऱ्या खळ्यातील उत्तम होत नाही, तसेच हे.

मी यादीची चारही पाने वहीत उतरवून घेतली आणि हाताने क्रम लावला. दादांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी तू पयल्याच पानावर व्हतास म्हन की. कितवा?"

"तिसरा," मी म्हणालो.